गुणवंतचा लाल ठिपका

मीरा रोडला गाड्यांची वायरिंग करणारे पुष्कळ आहेत, पण केलेल्या कामावर सही ठोकणारा एकच, तो म्हणजे गुणवंत. नया नगरच्या मागच्या रस्त्याला, एका सोसायटीच्या कंपाउंडला टेकून त्याचं पत्र्याचं दुकान आहे. तिथे कुठलाही नट आवळून झाला, की गुणवंत खिशातून नेलपॉलिशची बाटली काढतो आणि लाल ठिपका ठेवतो, अर्धा नटावर, अर्धा पत्र्यावर. नंतर कोणी तो नट हलवला तर ठिपका मधोमध तडकतो. मग गिऱ्हाइकाने आईची शपथ घेतली तरी उपयोग नाही. "तुम्ही बोलू नका, ठिपका बोलतोय," असं गुणवंत म्हणतो आणि गाडीचं बॉनेट धाडकन बंद करतो.

हा ठिपका चोख कामासाठी आहे असं तो सांगतो. ते काही खरं नाही. ठिपक्याचा जन्म जळफळाटातून झालेला आहे, आणि त्या जळफळाटाचं नाव रॉबर्ट.

झालं असं, की वीस-बावीस वर्षांपूर्वी गुणवंतने शाळेच्या एका व्हॅनची अख्खी वायरिंग नव्याने केली होती. तीन दिवस मान मोडून केली. चौथ्या दिवशी व्हॅन उत्तनच्या रस्त्याला बंद पडली, रॉबर्टने एक फ्यूज बदलला आणि व्हॅन चालू झाली. फ्यूज! ते दोन मिनिटांचं काम. पण ड्रायव्हर भाईंदरभर सांगत फिरला, "रॉबर्टने गाडी जिवंत केली." गुणवंतच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने घरी जाऊन नीलमच्या, म्हणजे बायकोच्या, कपाटातली नेलपॉलिशची बाटली उचलली ती कायमची. आपल्या कामाचं श्रेय पुन्हा कोणाच्या घशात जाता कामा नये.

दोघे एकाच उस्तादांचे चेले. भाईंदर पश्चिमेला काशीनाथ मिस्त्रींचं गॅरेज होतं, तिथे दोघे एकाच वर्षी लागले, एकाच टोपातलं पाणी प्यायले. काशीनाथ उस्ताद एकदा सहज म्हणाले होते, "रॉबर्टचा हात ऐकतो, गुण्याचा हात बोलतो." उस्ताद बोलून विसरले. गुणवंत ते वाक्य तीस वर्षं चघळतोय, आणि अजून त्याची चव गेलेली नाही.

पुढे रॉबर्ट आपल्या गावी, उत्तनला गेला. घरासमोर बोटींच्या बॅटऱ्या आणि इंजिनांच्या वायरी बघायला लागला, बरोबर गाड्याही. आता मीरा रोडची माणसं एवढी वाट तुडवून त्याच्याकडे गाडी दाखवायला जातात. "बोंबील घ्यायला जातात हो," गुणवंत म्हणतो, "गाडी हे निमित्त." पण हे बोलताना त्याचा चेहरा पाहवत नाही.

एक गोष्ट मात्र रॉबर्टकडे नव्हती. गॅरेज बंद केल्यावर उस्तादांनी स्वतःची निळी गाडी सांभाळायला दिली ती गुणवंतकडे. तिची दुसरी चावी गुणवंतच्या दुकानात, देवाच्या फोटोखालच्या खिळ्याला असते. नवं गिऱ्हाईक आलं, की पाच मिनिटांच्या आत त्या खिळ्याकडे बोट जाणार. "आमच्या उस्तादांची. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत." नाव, गिऱ्हाईक, समुद्राची हवा, सगळं रॉबर्टने न्यावं. चावी आपल्याकडे आहे, एवढ्यावर गुणवंत रात्री शांत झोपायचा.

आणि तीच गाडी रुसून बसली.

गाडी आता उस्तादांची नात समिधा चालवते. उस्तादांना दोन्ही डोळ्यांनी धूसर दिसतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय, त्याच्या तपासण्यांसाठी ती त्यांना घेऊन जाते. एके दुपारी डॉक्टरांच्या दारात तिने चावी फिरवली. टक! एवढाच आवाज, पुढे काही नाही. दिवे लखलखीत, हॉर्न खणखणीत, आणि इंजिन फिरवणारी मोटर, जिला सगळे सेल्फ म्हणतात, ती ढिम्म. म्हातारा माणूस तासभर उन्हात गाडीत बसून राहिला. शेवटी दोन रिक्षावाल्यांनी धक्का मारला तेव्हा गाडी सुरू झाली.

गुणवंत कामाला लागला. बॅटरी तपासली, भरलेली होती. सेल्फ खाली उतरवला, आतले कार्बन नवे टाकले, बुश बदलले. गाडी दहा वेळा एका चावीत सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी भाजी मार्केटसमोर, टक. त्याने रिले बदलला. चावीचा स्विच बदलला. चार दिवस ठीक, पाचव्या दिवशी टक. करंट असेल तिथे पेटणारा टेस्ट लॅम्प घेऊन त्याने बॅटरीपासून सेल्फपर्यंतची वायर बोट बोट तपासली. लॅम्प सगळीकडे झगझगीत पेटला. मग घोडं पेंड खातंय कुठे?

इंजिनाला बॉडीशी जोडणारी एक जाड पट्टी असते, अर्थची. बॅटरीतून निघालेला करंट सेल्फमधून फिरून याच पट्टीने माघारी येतो. तिकडेही गुणवंतची नजर गेली. दोनदा गेली. पण ती पट्टी त्याने स्वतःच गणपतीच्या आधी बदलली होती, आणि नटावर लाल ठिपका होता, अखंड. म्हणजे तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. ठिपका बोलत होता.

तिसऱ्यांदा गाडी बंद पडली तेव्हा समिधाचा पारा चढला. ती दुकानात आली ती उस्तादांना रिक्षातून सोबत घेऊनच.

"गुणवंतकाका, सोमवारी आजोबांचं ऑपरेशन आहे. मी त्यांना टॅक्सीने नेईन, तो प्रॉब्लेम नाही. पण आजोबा ऐकत नाहीयेत. म्हणतात, माझ्याच गाडीने जाणार."

"शनिवारपर्यंत देतो ना बेटा. शंभर टक्के."

"मागच्या शनिवारी पण शंभर टक्केच होतं."

उस्ताद स्टुलावर बसले होते. दुकानातल्या आवाजांकडे कान लावून ते म्हणाले, "गुण्या, उद्या रॉबर्टला दाखवू."

एवढं साधं वाक्य. पण गुणवंतला वाटलं, भर बाजारात कोणी आपल्या मुस्काटात मारली. त्याने खिळ्याकडे पाहिलं. एकदा गाडी उत्तनला गेली, की तिच्यामागे चावीही जाणार, हे त्याला स्वच्छ कळत होतं.

"मी पण येतो," तो म्हणाला. "काय काय केलंय ते सांगायला कोणी पाहिजे ना."

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी त्याने बॅटरीचे दोन्ही टर्मिनल स्वतःच्या हाताने पुन्हा कसले आणि ताजे ठिपके ठेवले. रॉबर्टने निदान ढिला टर्मिनल काढून दाखवू नये. वाटेतलं डोंगरी गाव मागे पडलं, वाळत घातलेल्या मासळीचा वास यायला लागला, आणि मागच्या सीटवर बसलेल्या गुणवंतने मनोमन देवाला साकडं घातलं: गाडी रॉबर्टच्या बापालाही सुरू होऊ नये. उस्तादांचे हाल झाले तरी चालतील. हा विचार आल्यावर त्याची त्यालाच लाज वाटली, पण साकडं काही त्याने परत घेतलं नाही.

रॉबर्टच्या अंगणात माडाखाली बोटींच्या बॅटऱ्या रांगेने मांडल्या होत्या. रॉबर्ट धावत आला, वाकून उस्तादांच्या पाया पडला आणि गुणवंतच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "गुण्या! किती वर्षांनी आलास रं!" थापेत काही खोट नव्हती. खोट असती तर गुणवंतला बरं वाटलं असतं.

समिधाने गाडी एकदा बंद केली आणि पुन्हा चावी फिरवली. टक. गाडीने निदान तेवढी लाज राखली, असं गुणवंतला वाटलं. मग त्याने केलेल्या कामांची यादी सांगितली, जरा मोठ्याने, उस्तादांनाही ऐकू जाईल अशी. रॉबर्टने मान हलवत सगळं ऐकून घेतलं. टेस्ट लॅम्प घेतलाच नाही. मीटर काढला, एक टोक बॅटरीच्या मायनसवर धरलं, दुसरं इंजिनाच्या धातूवर.

"पोरी, मार सेल्फ."

टक. रॉबर्टने मीटरचा आकडा पाहिला. मग वाकून इंजिनाच्या बाजूला पाहिलं आणि बराच वेळ तसाच राहिला. गुणवंतला वाटलं, अडला. छातीतलं ओझं किंचित हललं.

"गुण्या," रॉबर्ट वर न बघता म्हणाला, "तू आत जा बघू. बर्नडेट मघापासून बोलावतेय. कोलंबीचं लोणचं केलंय तिनं."

"नको, मी इथेच..."

"अरे जा, न्हायतर मला बोलेल ती."

रॉबर्टच्या बायकोला, बर्नडेटला, नाही म्हणणं आजवर कोणाला जमलेलं नाही. तिने गुणवंतला खुर्चीत बसवलं, भाकरी वाढली, लोणचं वाढलं, नीलमची चौकशी केली. "आमचे हे तुमचं नाव सारखं काढतात हो. गुण्यासारखी वायर बांधलेली मी कुठं बघितली न्हाय, म्हणतात." मध्येच रॉबर्ट आत आला, आरशाखालच्या फळीवरून काहीतरी मुठीत घेतलं आणि बाहेर गेला. बर्नडेट बरणी भरत होती, तिने पाहिलंही नाही.

बरणी बांधून होते तोच बाहेरून इंजिन गुरगुरल्याचा आवाज आला. मग बंद. मग पुन्हा एका चावीत सुरू. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. गुणवंत खरकट्या हातानेच अंगणात आला.

"काय होतं?"

"काय न्हाय. टर्मिनल ढिला व्हता." रॉबर्ट फडक्याला हात पुसत होता. "तुझं काम सगळं बरोबर हाय."

समिधा हसली, म्हणाली, "एवढंच?" उस्ताद पुढच्या सीटवर डोळे मिटून बसले होते.

परतीच्या वाटेवर लोणच्याची बरणी मांडीवर घेऊन गुणवंत धुमसत होता. ढिला टर्मिनल! सकाळी त्याने स्वतः कसला होता. म्हणजे रॉबर्टने काहीतरी वेगळं केलं आणि ते लपवलं. विद्या लपवली. किंवा त्याहून बरं, काहीतरी जुगाड मारला, चार दिवसांत पुन्हा बंद पडेल असा. या दुसऱ्या विचाराने त्याला इतका धीर आला, की दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच तो खिळ्यावरची चावी आणि हत्यारांची पिशवी घेऊन भाईंदरला उस्तादांच्या बिल्डिंगखाली हजर झाला. आज रॉबर्टची चूक काढायचीच.

बॉनेट उघडलं. आधी टर्मिनल. दोन्ही लाल ठिपके कालच्यासारखेच, केसाएवढाही तडा नाही. रॉबर्टने टर्मिनलला हातच लावला नव्हता! गुणवंतला आनंदाने घाम फुटला. त्याने एकेक ठिपका तपासायला सुरुवात केली. रिलेचा लाल. सेल्फचा लाल, अखंड. मग इंजिनाच्या बाजूची अर्थची पट्टी. तिथेही ठिपका होता, अर्धा नटावर, अर्धा पत्र्यावर, अगदी त्याच्याच पद्धतीचा. फक्त रंग लाल नव्हता. पिकल्या पेरूच्या गरासारखा गुलाबी होता.

गुणवंतला आरशाखालची फळी आठवली.

त्याने नट उघडला. पट्टी उचलली. खालचा पत्रा काचकागदाने घासून चांदीसारखा लखलखीत केला होता, वर बोटींना लावतात तसा ग्रीसचा पातळ हात. आणि नटाखालच्या दातेरी वॉशरच्या दातांत, घासूनही न निघालेला, लाल रंग. त्याचा लाल.

मग सगळं आठवलं. गणपतीच्या आधी पट्टी बदलत असताना समिधा शेजारी उभी होती. सहज म्हणाली होती, "रॉबर्टकाकांचे जॉइंट उत्तनच्या खाऱ्या हवेतसुद्धा गंजत नाहीत म्हणे." झालं. गुणवंतच्या डोक्यात तिडीक गेली. माझाही गंजणार नाही, बघच. त्याने नट पूर्ण आवळायच्या आधीच बाटली उपडी केली, फटीत पाणी शिरू नये म्हणून चांगला भरभरून रंग ओतला आणि मग आवळला. रंग पट्टीखाली पसरला. रंगातून करंट जात नाही, हे कालचं पोरही सांगेल. सुरुवातीला वॉशरचे दात पत्र्यात रुतलेले होते तोवर चाललं. इंजिनाच्या थरथरीने आणि उष्णतेने ते सैल झाले, रंगाचा पापुद्रा मध्ये आला. एवढ्याशा टेस्ट लॅम्पला लागणारा करंट दातांची टोकं जेमतेम टेकत होती तेवढ्यातून जायचा, म्हणून लॅम्प पेटायचा. सेल्फला लागतो तो लोंढा, तो मात्र अडायचा. आणि गुणवंतने गावभर शोधलं, फक्त स्वतःच्या सहीखाली शोधलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

तो गाडीला टेकून उभा राहिला. शरमेने कान तापले होते. पण खरं सांगायचं तर शरमेपेक्षा राग मोठा होता, आणि राग रॉबर्टवर होता. त्याने सांगायचं ना! "गुण्या, तू गाढव आहेस," असं उस्तादांसमोर म्हणायचं. मग त्याचा मनसोक्त द्वेष तरी करता आला असता. पण नाही. त्याने गुणवंतला लोणचं खायला आत पाठवलं, चूक पुसली आणि बायकोच्या नेलपॉलिशने त्याची सहीसुद्धा परत केली. आता या माणसाचा हेवा करायचा तरी कुठून?

कोणालाच काही माहीत नव्हतं. नट आवळायचा, आपला लाल ठिपका ठेवायचा, बॉनेट बंद करायचं. चावी खिळ्यावर, खिळा भिंतीत, सगळं जागच्या जागी. गुणवंतने खिशातून बाटली काढलीसुद्धा. झाकण उघडलं. आणि त्याच्या लक्षात आलं, की हा ठिपका ठेवला, तर या गाडीकडे बघताना जन्मभर रॉबर्टचे उपकार आठवणार. देवाच्या फोटोखालची चावी आपली नाही, रॉबर्टने आपल्याला ठेवू दिलेली आहे, हे रोज सकाळी उदबत्ती लावताना आठवणार.

छे! त्यापेक्षा उस्तादांच्या शिव्या बऱ्या.

तो तसाच, काळ्या हातांनी, जिना चढून वर गेला. उस्ताद खिडकीशी आरामखुर्चीत होते. समिधा चहा गाळत होती.

"उस्ताद, टर्मिनल ढिला नव्हता," गुणवंत दारातूनच म्हणाला.

"मग?"

त्याने सगळं सांगितलं. रंग, पट्टी, वॉशर, गुलाबी ठिपका. समिधा काय म्हणाली होती आणि त्यावरून आपल्या डोक्यात काय गेलं, तेसुद्धा. समिधाची गाळणी हातातच राहिली.

"म्हणजे चूक तुझी," उस्ताद म्हणाले.

"माझी." गुणवंतने मान खाली घातली. पण त्याच्याने राहवेना. "पण रॉबर्ट खोटं बोलला, उस्ताद! तुमच्या तोंडावर खोटं बोलला!"

उस्ताद हसायला लागले ते खोकला येईपर्यंत हसले. समिधाने पाणी दिलं.

"तीस वर्षांत त्याची एक चूक काढलीस," ते डोळे पुसत म्हणाले, "तीही ही. अरे, मला दिसत नाही, कान आहेत ना. काल मी गाडीतच बसलो होतो. टर्मिनल आवळायला कोणी दहा मिनिटं काचकागद घासतं काय? तिथेच कळलं मला, अर्थ घासतोय म्हणून."

"तुम्ही बोलला नाहीत!"

"तू बोलतोस का ते बघत होतो."

"आणि मी नसतो बोललो तर?"

"तर ऑपरेशन झाल्यावर रॉबर्टला बोलावलं असतं. चावी घेऊन जा म्हटलं असतं." उस्तादांनी चहासाठी हात पुढे केला. "आता राहू दे तुझ्याकडे. आणि ती बाटली बायकोला परत दे."

गुणवंत जिना उतरला तेव्हा पाय जमिनीवर नव्हते. चावी आपली होती. कोणाच्या मेहेरबानीने नाही, उस्तादांनी सगळं ऐकून ठेवायला सांगितलेली. त्याने पट्टी बसवली, नट कचकचून आवळला, रंग लावला नाही. मग हात पुसले आणि रॉबर्टला फोन लावला. हे त्याला सांगितल्याशिवाय जिंकल्याचं सुख पुरतं मिळणार नव्हतं.

"मी उस्तादांना सगळं खरं सांगितलं," तो म्हणाला.

"अरे येड्या, कशाला सांगितलंस? मी ठिपका लावला व्हता ना!"

"रंग चुकला तुझा."

"बर्नडेटकडं तोच हाय."

"ते असू दे. गाडी माझ्याकडेच ठेवलीय उस्तादांनी. आणि चावीपण." गुणवंत थांबला. पलीकडे थोडी तरी शांतता पडेल, आवाज जरासा तरी उतरेल, म्हणून त्याने फोन कानाशी घट्ट धरला.

"मग ठेवणारच की!" रॉबर्ट ओरडला. "बर्नी, ऐकलंस का? उस्तादांची गाडी गुण्याकडंच राहिली!" आणि मागून बर्नडेटच्या टाळ्यांचा आवाज आला.

इतक्या मनापासून त्या दोघांना आनंद झाला, की गुणवंतच्या पोटात पुन्हा दुखायला लागलं.